पालकाचे नाव

चाळिशी उलटल्यावर माणसाने पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढावी की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता परिस्थितीनेच निकालात काढला. ज्या छापखान्यात मी अठरा वर्षे मुद्रिते तपासली, तो बंद पडला. ऱ्हस्वदीर्घाखेरीज दुसरी विद्या हाताशी नव्हती, आणि पुस्तकांपासून लांब जाऊन पोट भरण्याचे मनात येत नव्हते. तेव्हा ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नाव घालायचे ठरले. वय सेहेचाळीस.

अर्ज संगणकावर भरायचा होता. नाव, जन्मतारीख, पूर्वीची परीक्षा असे सारे सुरळीत झाले आणि मग एक रकाना आला: ‘पालकाचे नाव व फोन क्रमांक’. तो मी मोकळा सोडून पाहिला. लाल अक्षरे उमटली आणि पुढचे पान उघडेना. वडील जाऊन दहा वर्षे झालेली. यजमानांना जाऊन सहा. मी नुसती बसून राहिले. शेजारी माझा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो म्हणाला, “आई, माझंच नाव टाक की.” टाकले. अर्ज बिनतक्रार पुढे सरकला.

याचा परिणाम श्रावणात दिसला. तापाने मी दोन दिवस घरी राहिले, तर चिरंजीवांच्या फोनवर निरोप आला, की आपला पाल्य आज तासांना गैरहजर होता. त्याने तो निरोप मला गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवला आणि पाल्याच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. आम्ही दोघेही हसलो. पण तो रकाना माझ्या मनातून काही गेला नाही.

त्या वर्षी अभ्यासाच्या पुस्तकांबरोबर मी आपल्याकडची काही आत्मचरित्रे पुन्हा काढून वाचली. थोराड वयात शिकायला बसलेल्या आणि त्या शिक्षणावर नवे काम, नवा धंदा उभा करणाऱ्या माणसांची ही पुस्तके. पूर्वी ती मी आदराने वाचली होती. या खेपेस एकच प्रश्न घेऊन वाचली: या पुस्तकात पालकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे? कोणी म्हणेल, ही कसोटी वाङ्मयाबाहेरची झाली. मला तसे वाटत नाही. आत्मचरित्रात कोण बोलते आहे आणि कोणाच्या परवानगीने बोलते आहे, यावर त्या पुस्तकाची घडण ठरते, त्यातले प्रसंग कोणते यावेत आणि कोणते गळावेत हेही ठरते. मग तो प्रश्न वाङ्मयाबाहेरचा कसा?

आरंभ अर्थातच रमाबाई रानड्यांपासून. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. मराठीतल्या उत्तम गद्याची यादी करायला बसले तर ते मी पहिल्या चार-पाचांत घालीन. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, रानड्यांच्या घरात आलेली ही मुलगी. नवऱ्याने पाटी हातात दिली आणि घरातल्या थोरल्या बायकांनी अबोला दिला. दिवाणखान्यात शाबासकी आणि स्वयंपाकघरात टोमणे, अशा दोन राज्यांच्या सरहद्दीवर तिचे शिक्षण झाले. हे सांगताना रमाबाई कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत. छळणाऱ्या बायकांनाही त्यांची बाजू असते, ती बाई आपल्याला दाखवते. अशी माया असलेले पुस्तक दुर्मिळच.

पण शीर्षक पाहा. ‘आमच्या’. या ‘आमच्या’त आदर आहे, सहजीवन आहे, तशी एक सोयही आहे. पुस्तक माधवरावांच्या मृत्यूपाशी, १९०१ सालापाशी, थांबते. त्या वेळी रमाबाई चाळिशीला टेकलेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी जे केले ते एका निराळ्या पुस्तकाचे काम होते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. पोक्त बायका, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या बायका तिथे शिकायला आल्या. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊन परिचारिका. त्या काळात रुग्णांची सेवा पगार घेऊन करणे हे भल्या घरच्या बाईला शोभत नाही, असे मानणारे लोक गल्लोगल्ली होते. त्यांना तोंड देऊन बायकांना त्या कामाला घालणे आणि त्या टिकून राहतील असे पाहणे, हे रमाबाईंचे स्वतःचे, कोणाच्या छायेत न झालेले कर्तृत्व. ‘आठवणी’ छापून निघाल्या तेव्हा ते सुरू झाले होते. पण त्या पुस्तकात त्याला जागा नाही. रमाबाई १९२४ पर्यंत होत्या, आणि ते दुसरे पुस्तक त्यांनी लिहिले नाही. रकान्यातले नाव गेल्यावर त्या लेखिका म्हणून गप्प झाल्या. कामकरीण म्हणून मात्र गप्प झाल्या नाहीत. हा त्यांचा दोष म्हणून मी सांगत नाही. ‘आमच्या’ या शब्दाने केवढी किंमत वसूल केली, ते सांगते आहे.

दुसरे पुस्तक काशीबाई कानिटकरांचे, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे १९१२ सालचे चरित्र. आनंदीबाई आमच्या अर्थाने प्रौढ विद्यार्थिनी नव्हेत. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठराव्या वर्षात होत्या. पण चौदाव्या वर्षी मूल होऊन ते दहा दिवसांत गमावलेल्या बाईला कोवळी कोणी म्हणावे? डॉक्टर होण्याची ओढ त्या दुःखातून आली. त्यांच्या चरित्रात पालकाचा रकाना काठोकाठ भरलेला आहे. गोपाळराव शिकवतात, गोपाळराव मारतात, गोपाळराव धाडतात, गोपाळराव पत्रांतून टोचतात. काशीबाईंचे कौतुक असे, की गोपाळरावांचा तऱ्हेवाईकपणा त्यांनी झाकला नाही आणि त्यांचे ऋणही नाकारले नाही. स्वतः काशीबाई लग्नानंतर घरच्यांची बोलणी खात अक्षर शिकल्या होत्या. म्हणून त्यांचा हात बरोबर त्या ठणकणाऱ्या जागेवर पडतो.

निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात इंग्रजीतून एक भाषण केले. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. लोक जे प्रश्न विचारीत होते, त्यांना एकेक करून उत्तर देणारे असे ते भाषण होते, आणि त्यात एक प्रश्न होता, की मी एकटी का जाते? नवऱ्याला सोबत नेण्याइतका पैसा नव्हता, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे इथे होती. उत्तर इतके साधे होते. मला त्या साऱ्या हकिकतीत हा प्रश्न आणि हे उत्तर सर्वांत अधिक मोलाचे वाटते. सभेतले लोक रकान्याकडे बोट दाखवीत होते, आणि एक अठरा वर्षांची बाई घरखर्चाचा हिशेब सांगून ते बोट खाली करीत होती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तिला पदवी मिळाली आणि पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला ती गेली. श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ मध्ये आली आणि २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला. नाव काय, तर ‘आनंदी गोपाळ’. कादंबरी वाचनीय आहे याबद्दल वाद नाही. पण शिकणारीचे नाव शिकवणाऱ्याच्या नावाशी जोडल्याखेरीज आपल्याला उच्चारताच येत नाही, हे त्या शीर्षकाने पक्के करून टाकले.

याच काळातली एक बाई अशी, की जिच्या रकान्यासाठी कोर्टात चार वर्षे भांडण चालले. रखमाबाईंचा खटला सर्वांना माहीत आहे. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोग, असे १८८७ साली न्यायालयाने सांगितले तेव्हा त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. १८८९ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेला आणि पुढे राजकोटला त्यांनी तीसेक वर्षे रुग्णालये चालवली. उतरत्या वयापर्यंत ज्यांना आपल्या शिक्षणाची भाकरी खाता आली, अशा त्या पिढीतल्या बायकांत त्यांचे नाव आधी घ्यावे लागेल. खटल्याच्या काळात त्यांनी वर्तमानपत्राला लिहिलेली पत्रे ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने इंग्रजीत छापून आली होती, म्हणजे लेखणीला धार होती. पण आत्मचरित्र? नाही. १९५५ पर्यंत जगलेल्या या बाईने आपल्या शिक्षणाची गोष्ट सांगितली नाही. मराठी वाङ्मयातली ही मला सर्वांत चुटपुट लावणारी उणीव. शवविच्छेदनाच्या टेबलाशी पहिल्या दिवशी काय वाटले, लंडनच्या थंडीत पाठांतर कसे झाले, पहिला पगार हातात आला तेव्हा त्या काय म्हणाल्या, हे आपल्याला कधीही कळणार नाही.

आता दोन सख्ख्या बहिणींकडे येते, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तिथे आहे. थोरली बाया, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. धाकटी पार्वतीबाई आठवले. दोघी कोकणातल्या देवरुखच्या जोशांच्या मुली, दोघी बालपणी परणलेल्या, दोघी विधवा. बायाचे पुस्तक ‘माझे पुराण’, १९४४ सालचे. पार्वतीबाईंचे ‘माझी कहाणी’, १९२८ सालचे. रमाबाईंच्या ‘आमच्या’पासून अठरा वर्षांत मराठी बाई ‘माझी’पर्यंत आली, हे केवळ व्याकरण नव्हे.

बाया आठव्या वर्षी विधवा झाली आणि चोविशीच्या सुमारास, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात मुळाक्षरे गिरवायला बसली. १८९३ मध्ये तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. लग्नानंतर सुईणपणाचे शिक्षण घेण्यासाठी ती नागपूरला गेली. थोर पुरुषाची बायको म्हणून तिला मखरात बसता आले असते. पण तिचे पुस्तक मखरातले नाही. ते ओसरीवर पाय पसरून सांगितलेले आहे. नवरा मिळवतो आणि संस्थेला देतो, मग घरात डाळतांदूळ कुठून येणार, हे ती आडपडदा न ठेवता विचारते. शिकायचे ते कशासाठी, याचे तिचे उत्तर तिच्या साऱ्या सांगण्यातून ऐकू येते, आणि ते फार सोपे आहे: चार पैसे हाती यावेत म्हणून. उच्च हेतूंच्या गर्दीत हा हेतू किती ताजा वाटतो! आपल्या वाङ्मयात विद्या ही सदैव ज्ञानासाठी, समाजासाठी, फार तर मुलांसाठी. बायाने तिला बाजाराच्या पिशवीशेजारी नेऊन ठेवली.

पार्वतीबाईंची ‘कहाणी’ याहून अवघड, आणि मला अधिक जवळची. जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. पंचविशी ओलांडल्यावर शिक्षणाला सुरुवात. कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमात, पुढे हिंगण्यास, त्या आल्या त्या विद्यार्थिनी म्हणून. राहिल्या त्या आश्रमाचा भार वाहणाऱ्या म्हणून. वर्गणीसाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली, सभांतून भाषणे केली. प्रौढ माणसाच्या शिक्षणात काय होते ते इथे नेमके दिसते. शिकायला बसावे, तर कोणीतरी म्हणते, तुम्ही जाणत्या आहात, जरा एवढे पाहा. ते ‘एवढे’ पाहता पाहता वही मिटते. इंग्रजी शिकण्याचे त्यांचे इथले प्रयत्न याच कारणाने पुरे पडेनात. शेवटी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ मध्ये, ही बाई इंग्रजी शिकायला म्हणून अमेरिकेला गेली.

तिथे गेल्यावर त्यांनी काय करावे? लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले. हिंगण्याला जिच्या शब्दावर स्वयंपाकघर चाले, ती परमुलखात परक्यांची भांडी घासत, फरशा पुसत एकेक शब्द गोळा करू लागली. जन्माची शाकाहारी, भाषा तोडकी, वय उताराला लागलेले. हे सारे पार्वतीबाई इतक्या कोरड्या सुरात सांगतात, की पहिल्या वाचनात मी ते वाचून पुढे गेले होते. दुसऱ्या वाचनात थबकले. त्या कुठेही कीव मागत नाहीत. आणि मला वाटते, आपण काही विशेष केले असे त्यांना खरोखरच वाटत नव्हते. काम केल्यावर पोटाला मिळते आणि बरोबर चार शब्द मिळतात, हा त्यांच्या दृष्टीने चोख व्यवहार होता. त्या पानांवर पालकाचा रकाना मोकळा आहे. नवरा नाही, मेहुणे सातासमुद्रापलीकडे. आणि बाई अडखळत, चुकत, पुन्हा विचारत शिकते आहे. माझ्या मते मराठीतली प्रौढ शिक्षणाची याहून खरी पाने दुसरी नाहीत.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्धात लेखिकेची जागा पुष्कळदा संस्थेची प्रचारक घेते. शिवाय स्त्रियांनी काय शिकावे याविषयीची त्यांची मते घरसंसाराभोवती फिरतात. एकटीने समुद्र ओलांडलेली बाई दुसरींना उंबरठ्याचे महत्त्व सांगते, हे वाचताना गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. पण हा विरोध त्यांनी पुसला नाही, तसाच राहू दिला. घासून पुसून लखलखीत केलेल्या आत्मचरित्रापेक्षा असे विसंगत आत्मचरित्र मला जास्त विश्वासाचे वाटते. जस्टिन ॲबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९३० मध्ये निघाले.

पुरुषांची गोष्ट निराळी असेल असे मला वाटे. तशी ती नाही. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. त्यातला साताऱ्याचा प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. १८७५ साली, सतराव्या वर्षी, सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी मुरुडहून डोंगर चढून, चालत साताऱ्याला जावे, आणि परीक्षकांनी चेहरा पाहून म्हणावे, की तू लहान दिसतोस. परीक्षेला बसू दिलेच नाही. पुढे मॅट्रिक होईतो तेविसावे वर्ष लागले. वयाचा दाखला चेहऱ्यावरून वाचण्याची ही रीत अजून गेलेली नाही. पहिल्या दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी शिपायाने मला सांगितले, “बाई, पालकसभा शनिवारी आहे.” कर्व्यांना लहान ठरवून परत पाठवले, मला मोठी ठरवून.

आणि नारायण सुर्वे. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा कवितासंग्रह १९६६ चा. पुन्हा ‘माझे’! गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांना रस्त्यात सापडलेले हे मूल. पालकाच्या रकान्यातले नाव त्या भल्या माणसाने आपखुशीने दिलेले. गिरणीत काम, शाळेत शिपायाचे काम, आणि मग परीक्षा देऊन १९६१ पासून महापालिकेच्या शाळेत शिक्षक. ज्या शाळेची घंटा वाजवायची, तसल्याच शाळेत खडू घेऊन उभे राहायचे, हा प्रवास मैलांत मोजला तर काहीच नाही. सुर्व्यांनी रस्त्याला आणि गिरणीला विद्यापीठ म्हटले, ते योग्यच. पण त्या घोषणेवर आपण टीकाकार इतके भाळलो, की दुसरी बाजू राहून गेली. रस्त्याने शिकवले तरी शिक्षकाची नोकरी रस्ता देत नाही, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तिशीतला कामगार रात्री दिव्याखाली बसून परीक्षेची तयारी करतो, तीत मला कवितेइतकेच नाट्य दिसते. आपल्या समीक्षेत त्यावर पुरते एक पानही नाही.

इथे एक आक्षेप मीच घेते. पालकाचे नाव असण्यात एवढे वाईट काय? रानड्यांनी शिकवले नसते तर रमाबाई कुठल्या? कर्व्यांनी दार उघडले नसते तर पार्वतीबाई कुठल्या? खरे आहे. कोणीतरी पाठीशी असल्याशिवाय थोराड माणसाला शिकता येत नाही. माझ्या परीक्षेच्या महिन्यात भात मुलाने लावला आहे, आणि वर्गीकरणाचे आकडेही त्यानेच मला प्रश्न विचारून पाठ करून घेतले आहेत. ऋण सांगावेच. माझी तक्रार एवढीच, की ऋण सांगताना आपली पुस्तके शिकणाऱ्याचे कष्ट विसरतात. पहिल्या अक्षरावरून त्या थेट सत्काराच्या हारावर उडी मारतात. मधले सारे गळते. तीन तास लिहून बोटे आखडतात, काल पाठ केलेले आज आठवत नाही, मुलाच्या वयाच्या शिक्षकाला ‘सर’ म्हणताना जीभ जरा अडते, मासिक हप्ता आणि परीक्षेची फी एकाच आठवड्यात येते. हे सांगितले तर थोरवी कमी होते असे आपल्याला वाटते की काय, कोण जाणे.

आणि जे मधेच सोडतात त्यांचे काय? आमच्या वर्गात माझ्या शेजारी अडतीस वर्षांची एक बाई बसे. अंगणवाडीत मदतनीस होती. पदवी घरी बसून, मुक्त विद्यापीठातून मिळवलेली. तिच्या वहीसारखी नेटकी वही सबंध वर्गात नव्हती. दुसऱ्या सत्रात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. तिच्या पालकाच्या फोनवर निरोप गेलाच असेल. तिची हकिकत कोण लिहिणार? तिला शेवट नाही. पदवी नाही, फोटो नाही. उत्तीर्ण झालेल्यांचेच आत्मचरित्र निघते. म्हणून ‘माझी कहाणी’तली ती न जमलेल्या इंग्रजीची पाने मला जपून ठेवावीशी वाटतात. त्यांत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला जागा आहे.

आमच्या अभ्यासक्रमात शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव रोज निघे. गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. ग्रंथालयाचे शास्त्र शिकायला त्याच साली, तिशी उलटल्यावर, लंडनला गेला, आणि १९३१ मध्ये त्याने ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रथित केले. पाचही नियम आम्ही घोकले. पहिला असा, की पुस्तके वापरासाठी असतात. गणित सोडून नव्या विद्येच्या वर्गात बसलेल्या त्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय वाटले असेल, ते मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते.

मी पास झाले. आता एका तालुक्याच्या वाचनालयात काम करते. पगार बेताचा आहे, पण तो माझ्या शिक्षणाचा आहे. पहिल्याच महिन्यात मी माझी ‘माझी कहाणी’ची प्रत वाचनालयाला दिली आणि तिच्यावर वर्गांक घालायला बसले. दशांश वर्गीकरणाप्रमाणे चरित्रे ९२० मध्ये जातात. रमाबाईही तिथे, कर्वेही तिथे, थोरामोठ्यांच्या रांगेत. प्रौढ शिक्षणाचा आकडा ३७४. त्या कपाटात आमच्याकडे सरकारी अहवाल आणि दोन-चार पुस्तिका आहेत. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. मी पुष्कळ वेळ पेन्सिल हातात धरून बसले, आणि ३७४ लिहिले. समितीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, “बाई, हे चरित्र आहे ना?” मी म्हटले, “आहे. पण ज्याला लागेल तो ते इथे शोधायला येईल.”

दिवाळीच्या सुट्टीत घरात फराळाचे डबे उघडतील तेव्हा ही दोन बहिणींची पुस्तके कोणीतरी मोठ्याने वाचावीत, अशी माझी विनंती आहे. घरातली एखादी काकू, मामी, वहिनी करंज्यांना मुरड घालता घालता ऐकेल. ती काही बोलणार नाही कदाचित.

आमच्या वाचनालयातली प्रत मात्र सध्या मिळणार नाही. ती माझ्या त्या शेजारणीने नेली आहे. एकदा बाजारात भेटली तेव्हा सासूबाई आता बऱ्या असल्याचे तिने सांगितले. पुस्तकाची मुदत उलटून तीन महिने झाले. नियमाप्रमाणे तिला स्मरणपत्र पाठवायला हवे. अजून मी ते पाठवलेले नाही.